नाशिकमध्ये कमी पाण्यावर तगणारी, एका हंगामात न संपणारी डेझी बियांपासून येते का? कोणती घ्यावी, कधी पेरावी?

येते. दसरा ते दिवाळीच्या दरम्यान पेरा, गॅझानिया घ्या. खरं तर एवढं लिहून थांबणार होते, पण तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीने मला थांबू दिलं नाही. तुम्ही लिहिलंय की दोनदा बी आणलं, रोपं छान आली आणि लावल्यावर महिन्याभरात मेली, म्हणजे बीच बोगस असणार.

उगवलेलं बी बोगस कसं असेल? हाच वाद आमच्या घरात सासऱ्यांशी आजही चालू आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०१६ च्या उन्हाळ्यात गोदावरीतलं रामकुंड कोरडं पडलं होतं, आठवत असेल. आमच्या घरापुढे तेव्हा लॉन होती, आठ बाय पंधराची. पाणी तोडून तोडून येत असताना लॉनला पाइप लावायची मला लाज वाटली. ती वाळू दिली आणि ठरवलं की आता इथे पाण्यासाठी तोंड वासणारं काही लावायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. तेव्हा मला यातला अर्थ कळला नव्हता, नंतर कळला.

ऑक्टोबरमध्ये गॅझानियाचं एक पाकीट आणलं. चाळीस बिया. बी म्हणजे कापसाच्या तुसासारखा केसाळ पुंजका, टोचून पाहिलं तरच आत कठीण दाणा लागतो. कोकोपीट आणि गांडूळखताच्या ट्रेमध्ये पेरलं, वर चार मिलिमीटर थर दिला, कारण गॅझानियाला उगवताना अंधार लागतो. दहाव्या दिवसापर्यंत एकतीस रोपं मोजली. चार-सहा पानं आल्यावर वीस रोपं पुढच्या जागेत लावली, लॉनच्याच काळ्या मातीत. उरलेल्या अकरांना जागा नव्हती. ती गच्चीवरच्या दोन फुटक्या टाक्यांत लावली. टाकीत माती कमी, मुरूम आणि बांधकामातली उरलेली वाळू जास्त, कारण तेवढंच हाताशी होतं.

आणि मग अप्पा, म्हणजे माझे सासरे, आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी, सटाण्याहून. सगळं आयुष्य शेतात गेलेला माणूस, रिकामं बसणं त्यांना जमत नाही. डोळ्याला हिरवी पट्टी, हातात पाइप, सकाळ-संध्याकाळ रोपांना पाणी. मी म्हटलं, "अप्पा, हे कमी पाण्याचं झाड आहे." ते म्हणाले, "लहान लेकराला कुणी उपाशी ठेवतं का?" प्रेमाने घालत होते, मला जास्त बोलवेना. गच्चीवर जायला मात्र डॉक्टरांनी जिना चढायची बंदी केली होती.

तीन आठवड्यांत पुढची रोपं मलूल झाली. पानं खाली पडली की माणसाला वाटतं तहान लागली, म्हणून अप्पांनी पाणी वाढवलं. वीसच्या वीस गेली. मी एक रोप धरून ओढलं तर वरचा झुबका अलगद हातात आला, मूळ जमिनीतच राहिलं. बुंध्याशी तपकिरी चिखल झाला होता आणि वास कसा, तर साठवणीच्या चाळीत सडलेल्या कांद्यासारखा. मी ते अप्पांच्या नाकाशी नेलं. ते म्हणाले, "बी बोगस होतं."

त्यांच्या बोलण्याला कारण आहे, तेही सांगायला हवं. एका वर्षी विकतच्या बियाण्याने त्यांचा अर्ध्याहून जास्त कांदा डेंगळ्यात गेला होता, म्हणजे कांदा पोसायच्या आधीच फुलाचे दांडे आले होते, आणि भरपाई कुणी दिली नाही. तेव्हापासून पीक गेलं की पहिला संशय बियाण्यावर. पण इथे त्याच पाकिटातली, त्याच ट्रेमधली, एकाच दिवशी उपटून लावलेली अकरा रोपं वर गच्चीवर धडधाकट होती. आठवड्यातून एकदा झारीने पाणी. जानेवारीत फुलली, मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर गेला तरी टिकली, आणि अकरातली सात पुढची तीन वर्षं फुलत राहिली. अप्पा म्हणतात गच्चीवरची हवा वेगळी. हवा नाही अप्पा, निचरा वेगळा.

शेवटी मी त्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं: डाळिंबाला बहार धरताना महिना-दीड महिना पाणी तोडता, पानं पिवळी पडून गळेपर्यंत ताण देता, तेव्हा लेकरू उपाशी राहत नाही का? यावर ते उठून अंगणात गेले. उत्तर अजून आलेलं नाही.

गॅझानिया मूळची दक्षिण आफ्रिकेतली. पान उलटं करून बघा, खाली पांढरी लव असते, तिच्यामुळे पानातलं पाणी कमी उडतं. उन्हाची तयारी झाडाने स्वतःच करून ठेवली आहे, सतत ओल्या मुळांची केलेली नाही. आणि आपली काळी माती पाणी धरून ठेवते, वाफसा यायला दिवस लागतात. म्हणून नाशिकमध्ये ही झाडं मे महिन्यात नाही, जुलै-ऑगस्टमध्ये मरतात. जे शहर एकाच वर्षात कोरडं रामकुंड आणि पूर दोन्ही बघतं, तिथे नुसतं 'कमी पाण्याचं झाड' आणून भागत नाही. त्याला वर उचलून लावावं लागतं. मी आता पुढच्या जागेत फूटभर उंच वरंबा केला आहे, निम्मा मुरूम, थोडी वाळू, बाकी माती, आणि बुंध्याभोवती बारीक खडी. शेणखत जवळजवळ नाही. खत जास्त झालं तर पानंच माजतात.

दुसरी निवड गॅलार्डिया, म्हणजे आपला गलांडा. हाराचं फूल म्हणून लोक नाक मुरडतात, मला ते अजिबात पटत नाही. फक्त हाराचा गलांडा बहुतेक वर्षायू असतो. तुम्हाला ग्रँडिफ्लोरा हवा, तो दोन-तीन वर्षं टिकतो. त्याचं बी मात्र झाकू नका, नुसतं दाबा, त्याला उजेड लागतो. कोरिओप्सिसची लान्सिओलाटा जातही चांगली. शास्ता डेझीच्या फोटोंना भुलू नका. अमेरिकेत ल्यूथर बरबँक या नव्या जाती तयार करणाऱ्या माणसाने १९०१ साली बाजारात आणलेली ती जात थंडीची आणि सतत ओलाव्याची आहे. डायमॉर्फोथेका बियांपासून सहज येते, पण बाजारात मिळते ती वर्षायू, उन्हाळा लागला की संपली. जरबेऱ्याचं बी लवकर मरतं, त्याच्या नादी लागू नका.

हे वाचून कुणी पहिल्या दिवसापासून पाणी बंद करेल, म्हणून सांगते: ट्रेमधल्या रोपाला आणि लावल्यानंतर पहिले पाच-सहा आठवडे ओल लागतेच. ताण सोसायची ताकद मूळ खोल गेल्यावर येते. पाणी देताना बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या. लहान कुंडी असेल तर मे महिन्यात मलाही दर तिसऱ्या दिवशी द्यावं लागतं. त्र्यंबक-इगतपुरीकडे राहत असाल तर पावसाळ्यात वर प्लास्टिकचं छप्पर हवंच, तिथे वरंब्याने निभणार नाही. आणि गॅझानियाचं फूल ढगाळ दिवशी, संध्याकाळी मिटतं. ते आजारी नसतं, त्याला पाणी घालू नका.

तुमची मेलेली रोपं अजून जागेवर असतील तर फेकण्याआधी एक ओढून बघा. बुंध्यापाशी तुटून हातात आलं आणि सडका वास आला, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.