लाखाच्या घरातलं स्पिनिंग रील घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही रत्नागिरीच्या बाजूला खडकांवरून आणि खाडीच्या तोंडाशी जिताडा, तांबोशीसाठी ल्युअर (नकली आमिष) मारता. हंगामात अधूनमधून होडीतून सुरमईलाही जाता. आत्ताचं मधल्या किमतीचं ४००० आकाराचं रील खाऱ्या पाण्यानं कुरकुरायला लागलंय. तुमच्यापुढे तीन नावं आहेत: शिमानोचं स्टेला एसडब्ल्यू (म्हणजे खाऱ्या पाण्यासाठीचं), दायवाचं सॉल्टिगा आणि पेनचं स्लॅमर फोर. दुकानात स्टेला लोण्यासारखं फिरलं, स्लॅमर जड लागलं आणि तिथेच तुमचा निम्मा निर्णय झालेला दिसतोय.

तो निर्णय आधी बाजूला ठेवा. काउंटरवर रिकामं रील फिरवून दोनच गोष्टी कळतात: दाते किती सफाईनं घडवलेत आणि आत ग्रीस कसलं भरलंय. चांगलं ग्रीस भरलं की साधं रीलही नवेपणी मऊ लागतं. उलट, पाणी अडवण्यासाठी ज्यात रबरी सील जास्त, ते सुरुवातीला जड फिरणारच, कारण ते सील दांड्यांना घट्ट चिकटून बसलेले असतात. स्लॅमरचा जडपणा हा त्यातला आहे, तो दोष समजू नका.

पारखायचंच तर स्वतःचा रॉड घेऊन दुकानात जा. रील चढवा, दोरी गाइडमधून ओवा आणि दुसरं टोक सोबत आलेल्या माणसाच्या हातात द्या. त्यानं जरा जोर लावून धरायचं, तुम्ही रॉड वाकवून गुंडाळायचं. आता बोटांना दात्यांची खरखर जाणवते का? रोटर, म्हणजे दोरी गुंडाळत फिरणारा भाग, डोलतो का? रीलचा पाय पिळल्यासारखा वाटतो का? रील महाग का, याचं उत्तर इथे मिळतं. ताण आला की स्वस्त रीलची बॉडी किंचित लवते, दाते एकमेकांवर सरळ बसत नाहीत आणि तिथून झीज सुरू होते. स्टेलाचा मुख्य गिअर थंड धातूवर प्रचंड दाब देऊन घडवतात, शिमानो त्याला हागाने गिअर म्हणते. सॉल्टिगाची बॉडी मोनोकॉक पद्धतीची आहे. तिच्यात स्क्रूंनी बसवलेलं बाजूचं झाकण नसून आटे असलेली मोठी गोल प्लेट फिरवून बसवतात, त्यामुळे तेवढ्याच आकारात मोठा गिअर मावतो. स्लॅमरमध्ये कापून काढलेला पितळी गिअर आणि स्टेनलेस स्टीलचं पिनियन (त्याला जुळणारं छोटं दातेरी चाक) आहे. वजनदार, पण दणकट. तिन्ही रीलं जिताड्याच्या जोरानं लवणारी नाहीत. म्हणजे मजबुतीवर तुमचा निवाडा होणार नाही, तो दुसरीकडे होईल.

तो होईल ड्रॅगवर, म्हणजे मासा ओढतो तेव्हा ठरावीक ताणावर दोरी सोडणाऱ्या ब्रेकवर, आणि त्याहून जास्त दुरुस्तीवर.

ड्रॅगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खोक्यावरचे आकडे पाहून भलेभले फसतात. जास्तीत जास्त ड्रॅग १३ किलो, १५ किलो, असं छापलेलं असतं. तुम्ही वापरणार किती? पीई २ (हा दोरीच्या जाडीचा जपानी क्रमांक) ची ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन साधारण १५ किलोला तुटते. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायचा, म्हणजे ४ ते ५ किलो. शेवाळलेल्या खडकावर उभं राहून नऊ फुटी रॉडनं ५ किलोचा ताण धरून बघा एकदा. १३ किलोची भाषा तिथेच संपते.

मग मोठ्या ड्रॅगचे पैसे का द्यायचे? उष्णतेसाठी. ५ किलोवर लावलेल्या ड्रॅगमधून सुरमईनं १०० मीटर दोरी नेली, तर वॉशरमध्ये सुमारे ४,९०० ज्यूल उष्णता तयार होते. तीन चहाचे चमचे पाणी उकळीला आणायला एवढी पुरते, आणि ती काही सेकंदांत, स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चाकाच्या, पोटातल्या चकत्यांमध्ये. छोट्या फेल्ट वॉशरचा दाब तापल्यावर बदलतो, कधी सुटतो, कधी अडकतो. मोठ्या कार्बन फायबरच्या चकत्या तेवढ्यात डगमगत नाहीत.

दुसरी गोष्ट, दोरी जात राहिली की ड्रॅग आपोआप वाढतो. भरलेल्या स्पूलवर दोरीचा व्यास ६० मिलिमीटर असेल आणि मासा पळून तो ४८ वर आला, तर नॉबला हात न लावताही ५ किलोचे सव्वासहा किलो होतात. लांब पळणाऱ्या माशासाठी मोठ्या व्यासाचा स्पूल बरा, तो यासाठीच.

जिताड्याचा हिशेब मात्र वेगळा. तो शंभर मीटर पळत नाही. तो दहा मीटरवरच्या तिवरांच्या मुळांत किंवा कालवं लागलेल्या खांबामागे घुसायला बघतो आणि डोकं झटकतो. तिथे बघायचं ते हे, की ड्रॅग सुटताना पहिला हिसका किती बसतो. स्प्रिंगचा ताणकाटा दोरीला बांधा, ड्रॅग ४ किलोवर लावा आणि हळूहळू ओढा. काटा ४ वरच राहून दोरी सुटायला लागली तर उत्तम. आधी साडेपाचपर्यंत चढून मग धाडकन ४ वर आला, तर तो वरचा दीड किलो तुमचा लीडर (ल्युअरआधीचा दोरीचा तुकडा) खाणार. नॉबही फिरवून बघा. २ किलोवरून ६ वर जायला अर्धाच फेरा पुरत असेल, तर अंधारात ओल्या बोटांनी तो नेमका लावता येत नाही.

या परीक्षेत स्टेला आणि सॉल्टिगा सरस आहेत यात वाद नाही. स्लॅमर त्यांच्या मागे आहे, पण फार नाही. किमतीतली दरी त्याहून कितीतरी मोठी आहे. अमेरिकेतल्या किमती बघितल्या तर स्टेला एसडब्ल्यू हजार डॉलरच्या पुढे आणि स्लॅमर साधारण तिसऱ्या हिश्श्यात.

आता पाणी. स्लॅमरवर आयपीएक्स६ लिहिलेलं असतं. याचा अर्थ ठरावीक नळीतून मिनिटाला १०० लिटरच्या जोरदार फवाऱ्यानं आत पाणी गेलं नाही. बुडवून ठेवण्याची चाचणी वेगळी, ती आयपीएक्स७ ची: एक मीटर खोल, अर्धा तास. सहावाल्यानं सातची परीक्षा दिलेली असतेच असं नाही. शिवाय ही चाचणी गोड्या पाण्यात आणि नव्या मालावर होते. आपल्याकडे लाटेचे तुषार रीलवर वाळतात, मीठ उरतं आणि त्याचे कण सीलच्या कडेला घासत राहतात. दोन हंगामांनंतरचं सील हे खोक्यावरचं सील नसतं.

शिमानोचं एक्स-प्रोटेक्ट म्हणजे पाणी झटकणारा लेप आणि पाण्याला वळसे घ्यायला लावणारी रचना. दायवाचं मॅगसील २०१० पासून आहे. त्यात लोहकण असलेलं तेल चुंबकानं जागच्या जागी धरून ठेवतात. कल्पना अफलातून, घर्षण जवळजवळ नाही. अडचण एवढीच की मॅगसीलचे भाग घरी उघडू नका, तेल घालू नका, असं खुद्द कंपनीच सांगते. ते तेल सांडलं किंवा दुसरं तेल त्यात मिसळलं की बचाव गेला. जपानमध्ये रील सर्व्हिसला टाकणं सोपं. रत्नागिरीहून पाठवायचं तर किती महिने जातील याची चौकशी आधी करा, मग सॉल्टिगाचा विचार करा. मी इथे किनाऱ्यावर राहत असताना, केवळ या एका कारणानं, ते घेणार नाही. रील म्हणून ते कुठेही कमी नाही.

खाऱ्या पाण्यात सगळ्यात आधी सहसा लाइन रोलर, म्हणजे दोरी ज्यावरून वळून स्पूलवर जाते ती छोटी फिरकी, जातो. दुकानात तो बोटानं फिरवून बघा आणि तो घरी सोडवता येतो का, सुटा मिळतो का, हे विचारा. बेअरिंग १२ की १४, या आकड्याकडे दुर्लक्ष करा. हँडलच्या मुठीतली दोन-चार धरूनच तो फुगवलेला असतो.

गिअरचं गुणोत्तर, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरी किती वेगानं गुंडाळते ते: एचजी (वेगवान) घ्या. एक्सजी (त्याहून वेगवान) सुरमईला बरं, पण खोल बुडणारा मोठा ल्युअर ओढताना मनगट काढतो. पीजी (सावकाश, पण जोरकस) होडीतून जिगिंग करणाऱ्यांसाठी, म्हणजे जड ल्युअर खोल सोडून खालीवर खेचणाऱ्यांसाठी.

माझा सल्ला असा. स्टेला एसडब्ल्यू त्यांनी घ्यावं जे अंदमानात मोठ्या ट्रेव्हली माशामागे दिवसभर पॉपर (पाण्यावर आवाज करणारा ल्युअर) मारतात किंवा वर्षभर होडीवर असतात. तुमच्या कामाला त्याची निम्मी ताकदही लागणार नाही. राहिलं स्लॅमर. होडीवर आणि जेट्टीवर ते बिनतोड, पण खडकावर सकाळभर ल्युअर फेकायचा असेल तर त्याचं वजन खांद्याला कळतं. तुमचं जास्त काम फेकण्याचं आहे, म्हणून मी शिमानोच्याच ट्विन पॉवर एसडब्ल्यूकडे झुकेन. ते स्टेलापेक्षा एक पायरी खाली, बरंच स्वस्त आणि स्लॅमरपेक्षा हाताला हलकं. तेही बजेटबाहेर वाटलं तर सारागोसा. ५००० आकार पुरे. स्पूलवर छापलेली क्षमता बघा, पीई २ ची ३०० मीटर बसली की सुरमईलाही चालतं. वाचलेल्या पैशात जादा स्पूल आणि चांगली दोरी घ्या.

थेट जपानी बाजाराचा माल मागवत असाल, म्हणजे नावाआधी २०, २१ असं वर्ष लावलेला, तर वॉरंटी इथे चालेल असं गृहीत धरू नका. पार्टचा नकाशा मात्र जपून ठेवा, सुटे भाग त्यातल्या क्रमांकावरूनच मागवावे लागतात. रील खोलून साफ करायला १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी बरी, नाहीतरी तेव्हा होड्या वर काढलेल्या असतात आणि पावसाळी खडकावर जाण्यात शहाणपण नाही.

धुण्याबद्दल विचारलं होतंत. ड्रॅग घट्ट करून, नळाच्या बारीक धारेखाली, रील सगळ्या बाजूंनी वळवत. बादलीत बुडवायचं नाही, जोराचा फवारा मारायचा नाही. पुसून, ड्रॅग सैल करून वाऱ्यावर ठेवा. ओलं रील कापडी पिशवीत घालून पिशवी बंद केली, तर आपल्या दमट हवेत कुठलंही महागडं सील उपयोगाचं नाही.

आधी तुमच्या ४००० चा लाइन रोलर सोडवून बघा. कुरकुर तिथूनच येत असेल तर बेअरिंग बदलून हा हंगाम निघेल आणि नवं रील सावकाश, दोन-तीन दुकानं पालथी घालून घेता येईल.