कोल्हापुरी तांबडा-पांढरा आणि सुक्या मटणासोबत कोणती वाइन घ्यावी?

रविवारच्या बेतासाठी एकच चांगली रेड वाइन सुचवा, असं तुम्ही विचारलंय. हा बेत एका बाटलीत बसत नाही, आणि तांबड्यासोबत तर रेड घेऊच नका. ‘मटण म्हणजे रेडच’ असं घोकणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

तो नियम युरोपात भाजलेल्या लँबसाठी, म्हणजे कोवळ्या मेंढीच्या मांसासाठी आहे. त्या मांसाला चरबी भरपूर, मसाला म्हणजे लसूण आणि रोझमेरी. कॅबर्ने या दमदार रेडमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारं तुरट द्रव्य, चरबी-प्रथिनांशी जुळतं आणि वाइन मऊ लागते. आपल्याकडे बोकडाचं मटण, चरबी बेताची, आणि वर मिरचीचा लालभडक कट. तिखट जिभेला तेच टॅनिन कडू लागतं. त्यात 14 टक्के अल्कोहोल असेल तर घशात जाळ होतो. ओकच्या पिंपात मुरवलेली महागडी रिझर्व्ह तर नकोच. तांबड्यापुढे तिचा फळांचा स्वाद मरतो आणि लाकडाचा तेवढा उरतो.

म्हणून तांबड्याला नाशिकची झिनफँडल रोझे, म्हणजे गुलाबी वाइन घ्या. टॅनिन नावापुरतं, फळाची थोडी गोडी, आणि ती गारच प्यायची असते. 8 ते 10 अंश. फ्रिजमध्ये तीन-चार तास, किंवा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून अर्धा तास. नुसता बर्फ टाकू नका, पाणी असल्याशिवाय बाटली नीट गार होत नाही.

पांढऱ्याला कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन. नारळाचं दूध, काजू-खसखस आणि अळणी पाणी यांनी तोंड जड होतं, ते तिच्या आंबटपणाने मोकळं होतं.

सुक्याला मात्र शिराझ ही रेड हक्काने काढा. तिचा मिरीसारखा वास भाजलेल्या कांदा-खोबऱ्याला छान जुळतो. फक्त वाटणाचं खोबरं तांबूस झालं की लगेच उतरवा. काळं पडलं तर त्याचा कडूपणा आणि टॅनिन एकत्र येतात, मग कितीही चांगली बाटली वाया जाते.

आणि ‘रेड फ्रिजमध्ये ठेवायची नसते’ हे कृपा करून विसरा. रेडला 16 ते 18 अंश हवेत. आपल्या स्वयंपाकघरात 30 असतात. त्या तापमानाला आधी अल्कोहोलच नाकात जातं. वाढायच्या दीड तास आधी शिराझ फ्रिजमध्ये ठेवा.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या मसाल्यात लवंगी नसून नुसती ब्याडगी असेल, म्हणजे रंग जास्त नि तिखट कमी, तर तांबड्यालाही गार केलेली शिराझ चालेल. आणि परदेशात राहून लँबची अख्खी मांडी ओव्हनमध्ये भाजणार असाल, तर तिथे कॅबर्नेवाल्यांचंच खरं.