‘ओव्हरक्लॉक’ करायचं की चढवायचं?

एका वाचकाचा प्रश्न असा : ‘रूट केलेल्या अँड्रॉइड फोनचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणे’ या क्रियेला मराठीत नेमकं काय म्हणावं? एके ठिकाणी ‘अतिघटिकीकरण’ वाचलं, दुसरीकडे ‘अतिकालन’. यांतला कुठला धरावा? ‘रूट’ला ‘मूळ’ म्हटलेलं चालेल का? आणि अंडरक्लॉकचं काय?

ओव्हरक्लॉक करणे म्हणजे चिप कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगाहून जास्त वेगाने चालवणे, अंडरक्लॉक म्हणजे कमी वेगाने; आणि रूट करणे म्हणजे फोनवर सर्वाधिकार मिळवणे. आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. दोन्ही शब्द सोडून द्या. ‘ओव्हरक्लॉक करणे’ रुळलेलं आहे, ते राहू द्या. मराठी क्रियापदच हवं असेल तर ‘क्लॉक चढवणे’ म्हणा आणि उलट बाजूला ‘क्लॉक उतरवणे’. अंडरक्लॉकचा प्रश्न त्यातच मिटतो.

‘अतिकालन’ का नको? कारण ‘अतिकालिक भत्ता’ म्हणजे ओव्हरटाइमचे पैसे, हे सरकारी कचेरीत एक दिवस काढलेल्यालाही ठाऊक असतं. ‘फोनचं अतिकालन’ म्हटलं की बिचारा फोन रात्री नऊपर्यंत फायली उपसतोय असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात ओव्हरक्लॉक केलेली चिप जास्त तास काम करत नाही. तेवढ्याच सेकंदात जास्त काम उरकते. अर्थ अगदी उलटा होतो.

‘अतिघटिकीकरणा’ची गत आणखी वाईट. घटिका म्हणजे २४ मिनिटं. फोनच्या चिपमध्ये जो काळ मोजला जातो तो सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आसपासचा. त्यातून मराठीत घटका ‘भरते’ ती कुणाची, हे सांगायला नको. ओव्हरक्लॉक केलेल्या फोनच्या बाबतीत तेही कधी कधी खरं ठरतं, पण पारिभाषिक शब्दाने आधीच अपशकुन करू नये.

या दोन्ही शब्दांची चूक एकाच जागी आहे. घडवणाऱ्याने ‘क्लॉक’ पाहिलं आणि भिंतीवरचं घड्याळ समोर धरलं. प्रोसेसरमधला क्लॉक वेळ दाखवत नाही, तो ठोके देतो. सर्किटमधला क्वार्ट्झचा स्फटिक ठरावीक गतीने कंप पावतो, त्यावरून पुढची जुळणी कितीतरी पट वेगाचे ठोके तयार करते, आणि त्या ठोक्यांवर चिपमधलं प्रत्येक पाऊल पडतं. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १ अब्ज ठोके. किती वाजले याच्याशी त्याचा संबंध नाही.

गंमत म्हणजे इंग्रजीतला हा शब्दसुद्धा मुळात घंटेचाच. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘क्लॉका’ म्हणजे घंटा. जर्मन ‘ग्लोके’ आणि फ्रेंच ‘क्लोश’ आजही घंटाच आहेत. आपलं ‘तास’ त्याच वाटेने आलेलं. तास म्हणजे ज्यावर टोल देत ती धातूची थाळी. फारसीत ‘तास’ म्हणजे वाडगा, भांडं. थाळी वाजली की तास झाला, आणि वाजवण्याच्या वस्तूचं नाव मोजलेल्या वेळेला चिकटलं. तेव्हा क्लॉकला अगदी मराठी शब्द द्यायचाच तर तो ‘ठोका’ जवळचा, घड्याळ नव्हे. मी मात्र क्लॉकच ठेवीन. ‘ठोका चढला’ म्हटलं की लोक छातीला हात लावतील.

आता ‘चढवणे’ कशाच्या बळावर म्हणतो ते सांगतो.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये वाढते ती वारंवारता. शाळेच्या पुस्तकात तिला ‘वारंवारता’ म्हणतात, विश्वकोशात ‘कंप्रता’ भेटते. आणि कंपनांची संख्या कमीजास्त करणं या क्रियेला मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वापरातलं क्रियापद आहे. फक्त ते संगणकवाल्यांकडे नाही, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडे आहे. तंबोरा उतरतो, तबला चढा लागतो, सूर चढवला जातो. सूर चढवणं म्हणजे दर सेकंदाची कंपनं वाढवणं. भौतिकशास्त्राच्या भाषेत दुसरा अर्थच नाही. तबलजी गजऱ्यावर वरून हातोडी मारतो, गठ्ठे खाली सरकवतो, वादी ताणली जाते, सूर वर जातो. मर्यादेपलीकडे ताणलं तर पुडी फाटते. चिपचं तसंच. थोडं चढवलं तर पेलते, आणखी चढवलं की एखादा हिशेब पुढचा ठोका पडायच्या आत पुरा होत नाही, चुकीचा आकडा पुढे जातो आणि फोन हँग होतो किंवा आपला आपण बंद होऊन सुरू होतो.

शिवाय भाव चढतो, पारा चढतो, आवाज चढतो, ताप चढतो. यातलं शेवटचं तर फोनला शब्दशः लागू. कारण नुसता वेग चढवून भागत नाही. ठोके वेळेत पाळायचे तर चिपला विजेचा दाबही जास्त द्यावा लागतो. दाब हा शब्द मी मुद्दाम वापरतो. वीजबिलावर ‘लघुदाब’, ‘उच्चदाब’ वाचणाऱ्या मराठी माणसाला व्होल्टेज म्हणजे दाब हे शिकवावं लागत नाही. चिपमध्ये ठोक्यांपायी दर सेकंदाला खर्च होणारी शक्ती वेगाच्या पटीत वाढते, पण दाबाच्या बाबतीत ती वर्गाच्या पटीत वाढते. वेग २० टक्के आणि दाब १० टक्के चढवला, तर १.२ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे जवळपास १.४५. वेग मिळाला वीस टक्क्यांचा, खर्च वाढला पंचेचाळीस टक्क्यांनी, आणि तो सगळा उष्णता होऊन हातात येतो. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. मग चिप स्वतःच क्लॉक उतरवते. त्याला ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. मराठीत ‘फोनने वेग आवरला’ म्हटलं की पुरे.

एक अडचण मात्र आहे, ती लपवत नाही. ‘चढवणे’ आपण दुसऱ्या कामालाही लावलेलं आहे. संकेतस्थळावर फोटो चढवतो, फोनवर सॉफ्टवेअर चढवतो. त्यामुळे ‘कर्नल चढवला’ म्हणजे नवा कर्नल (प्रणालीतला, हार्डवेअर हाताळणारा मुख्य भाग) टाकला, आणि ‘क्लॉक चढवला’ म्हणजे वेग वाढवला. कर्म स्पष्ट असलं की घोटाळा नाही. ‘प्रोसेसर चढवला’ मात्र लिहू नका. तो मजुरांनी ट्रकमध्ये चढवल्यासारखा वाटतो. आणि ज्याला सावधपणाची पर्वा नाही, बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा वाढवायला फोन भाजून काढायचा आहे, त्याच्यासाठी मराठीत ‘दामटणे’ आहे. घोडं दामटतात तसा फोन दामटला. हे क्रियापद निंदेचं आहे आणि निंदेलाच ठेवावं.

‘रूट’कडे वळू. इथे भाषांतराचा मोह कडकपणे टाळावा.

युनिक्स प्रणालीत सर्वाधिकार असलेल्या खात्याचं नाव ‘रूट’, क्रमांक शून्य. अँड्रॉइड युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवर उभं आहे म्हणून ते खातं फोनमध्येही आहे. फक्त फोन विकत घेणाऱ्याला ते दिलेलं नसतं. ‘फोन रूट करणे’ म्हणजे त्या खात्याची सत्ता मिळवणे. याला ‘मूळ वापरकर्ता होणे’ म्हटलं तर काय होतं? सेकंडहँड फोन घेणारा विचारतो, ‘याचा मूळ वापरकर्ता कोण?’ त्याला पहिला मालक हवा असतो. ‘मूळ फोन’ म्हणजे तर ज्याला अजून कुणी हात लावलेला नाही असा फोन, रूट केलेल्याच्या बरोबर विरुद्ध. आणि ‘मुळावर येणे’ हा वाक्प्रचार टपून बसलेला आहेच. ‘रूट’ हे विशेषनाम समजा, आणि विशेषनामाचं भाषांतर करत नाहीत. बसचा रूट आणि फोनचा रूट देवनागरीत एकसारखे दिसतात, इंग्लंडचा जो रूटही त्यांच्याच पंक्तीला बसतो, पण वाक्यात यांची गल्लत झालेली मी तरी पाहिलेली नाही. ऊकार दीर्घ ठेवा : रूट, रूटेड. ‘रूटेड फोन’पेक्षा ‘रूट केलेला फोन’ कानाला बरा लागतो, इतकंच.

रूट मिळवण्याची पहिली मोठी गोष्ट सांगण्याजोगी आहे. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर, म्हणजे टी-मोबाइल जी१ वर, कीबोर्डने जे काही टाइप कराल ते पडद्यामागे रूटच्या हुकूमखिडकीतही जात होतं. गप्पांच्या खिडकीत कुणी ‘रीबूट’ असा शब्द लिहून एंटर दाबलं की फोन खरोखर बंद होऊन सुरू व्हायचा. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ही चूक उघड झाली आणि लगेच दुरुस्त झाली, पण तेवढ्या अवधीत हौशी लोकांनी दार किलकिलं करून ठेवलं होतं. त्या फोनची चिप ५२८ मेगाहर्ट्झची. आजच्या वरच्या फळीतल्या फोनची ४ गिगाहर्ट्झच्या पुढे जाते.

प्रश्नाच्या शब्दरचनेत एक समज दडलेली आहे, की रूट केला की क्लॉक चढवता येतो. ते अर्धंच खरं. कर्नलमध्ये वेगांची एक तक्ता-यादी असते : हा वेग, त्याला हा दाब. रूटची सत्ता असेल तर त्या यादीतली कमाल आणि किमान पायरी तुम्हाला ठरवता येते. पण यादीच्या वरची पायरी हवी तर ती यादीत घालावी लागते, म्हणजे बदललेला कर्नल हवा किंवा चालू कर्नलला जोडायचा एखादा तुकडा हवा. २००९ च्या मोटोरोला ड्रॉइडवर हाच खेळ रंगला होता. कारखान्यातून तो ५५० मेगाहर्ट्झवर चालत निघाला. हौशी मंडळींनी कर्नल बदलून त्याला ८०० आणि त्याहून वर नेला. त्याचंच भावंड असलेल्या माइलस्टोनचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कर्नल उचलणारा प्रोग्रॅम, कुलूपबंद होता, कर्नल बदलता येईना, म्हणून तिथे चालत्या कर्नलमध्ये तुकडा घुसवून काम साधलं. त्याआधी संगणकावरही असंच. १९८४ चा आयबीएम पीसी एटी ६ मेगाहर्ट्झचा होता. लोकांनी स्फटिकच उपटून दुसरा बसवला आणि ८ वर चालवला. मग कंपनीने पुढच्या आवृत्तीत वेग तपासून अडवणूक करायची सोय केली. कुलूप आणि किल्लीची ही शर्यत फोनपेक्षा जुनी आहे.

लिहिताना ‘रूट करून ओव्हरक्लॉक केला’ ऐवजी ‘रूट केला, कर्नल बदलला, क्लॉक चढवला’ असं तीन क्रियापदांत लिहा. लांब वाटेल, पण खरं आहे.

आणि हो, कर्नल. देवनागरीत फौजेतला कर्नल आणि लिनक्सचा कर्नल एकच. त्यात प्रोसेसरचा वेग केव्हा वाढवायचा, केव्हा कमी करायचा हे ठरवणाऱ्या भागाला ‘गव्हर्नर’ म्हणतात. ‘आधी कर्नल बदला, मग नवा गव्हर्नर नेमा’ हे वाक्य पेशवाई बुडाल्यानंतरच्या एखाद्या खलित्यातलं वाटतं. यंत्रभाषांतराने ‘राज्यपाल निवडा’ केलेलंही पाहिलं आहे. कर्नलला ‘गाभा’ म्हणावं असं कुणी सुचवतात, पण मग आठ कोअरच्या प्रोसेसरचे आठ गाभे कुठे ठेवायचे? कुणी ‘कर्नेल’ लिहून फौजेपासून वेगळा करतात; ते मला पटतं, पण आग्रह नाही.

गव्हर्नरच्या बाबतीत मात्र परका शब्द म्हणून संकोचू नका. हा आपल्या शेतशिवारात केव्हाचा आलेला आहे. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा वेग भार कमीजास्त झाला तरी एकसारखा ठेवणारा भाग म्हणजे गव्हर्नर. ज्यांच्याकडे ऑइल इंजिन होतं त्या घरांत हा शब्द फोनच्या कितीतरी आधी पोचला. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, तिथून ही परंपरा. ‘गव्हर्नर’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याच्या मुळाशी ग्रीक ‘सुकाणू धरणे’ आहे, तेव्हा हौसच असेल तर ‘सुकाणूदार’ म्हणता येईल. पण इंजिनवाल्याला विचारलंत तर तो ‘गव्हर्नर’च सांगेल.

दुरुस्तीच्या दुकानातली भाषा या सगळ्यांपेक्षा सरळ आहे. तिथे फोन ‘लोगोवर अडकतो’, ‘हँग मारतो’, ‘डेड’ होतो, आणि त्याला ‘सॉफ्टवेअर मारावं’ लागतं. हे ‘मारणे’ म्हणजे मराठीचं सगळ्यात कष्टाळू क्रियापद : रिचार्ज मारला, फॉरमॅट मारला, फ्लॅश मारला. शुद्धतेचा कुणी कितीही धाक दाखवला तरी परकी क्रिया घरात घ्यायची आपली हीच रीत आहे. क्लॉक चढवताना फोन कायमचा गेला तर इंग्रजीत तो ‘ब्रिक’ होतो. ‘फोनची वीट झाली’ हे भाषांतर इथे अपवादाने झकास बसतं, कारण त्यानंतर मालकाला जो येतो तोही वीटच.

शेवटचा मुद्दा नावांचा. गव्हर्नरचे प्रकार, म्हणजे ऑनडिमांड, कॉन्झर्व्हेटिव्ह, परफॉर्मन्स, पॉवरसेव्ह, यांना समजावताना मराठी खुलासा जरूर द्या. ऑनडिमांड काम आलं की एकदम वर उडी घेतो, कॉन्झर्व्हेटिव्ह पायरीपायरीने चढतो, परफॉर्मन्स कमाल वेगावरच बसून राहतो, पॉवरसेव्ह किमान वेग सोडत नाही. पण नावं बदलू नका. ती फोनमधल्या एका छोट्या फाइलीत अक्षर न् अक्षर तशीच लिहावी लागतात. तिथे ‘मागणीनुसार’ टाइप केलंत तर फोन ते स्वीकारत नाही आणि जुन्याच गव्हर्नरवर चालत राहतो.