लढाईचे पुनर्सादरीकरण प्रत्यक्ष युद्धाच्या किती जवळ जाते?

शस्त्रे आणि पवित्रे यांच्या बाबतीत पुष्कळ जवळ जाते, बाकी जवळजवळ नाहीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी लहानपणी कोल्हापुरात तालमीत मर्दानी खेळ शिकलो आणि पुढे सैन्यात नोकरी केली. म्हणून आमच्या भागातील एका मंडळाने घोडखिंडीच्या, म्हणजे आजच्या पावनखिंडीच्या, लढाईचा प्रसंग उभा करायचे ठरवले, तेव्हा दांडपट्टा शिकवण्यासाठी मला बोलावले. पोरांनी जीव तोडून सराव केला. पण ऐन कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस लागला आणि पोशाख व ध्वनिक्षेपक भिजतील म्हणून संयोजकांनी सगळा प्रसंग सभागृहात हलवला. मी कडाडून विरोध केला. जुलै १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराजांबरोबर निघालेले मावळे पन्हाळ्यापासून रात्रभर चिखल तुडवत आले होते आणि त्याच थकलेल्या हातांनी बाजीप्रभूंबरोबर त्यांनी खिंड अडवली. मुसळधार पावसात तोड्याच्या बंदुकीची वात पेटती ठेवणेही कठीण. तो पाऊस वगळला, तर त्या लढाईतले उरते काय?

सभागृहात वीसेक मिनिटांत महाराज विशाळगडावर पोहोचल्याची खूण म्हणून तोफांचा आवाज झाला, आणि तो कधी होणार हे प्रत्येक पोराला आधीच ठाऊक होते. खिंडीतल्या माणसांना तोफ ऐकू येईल की नाही याचीही खात्री नव्हती, कारण विशाळगडाखाली आदिलशाहीच्या बाजूच्या सुर्व्यांचा वेढा होता आणि महाराजांना तोही फोडून वर जायचे होते. सीमेवर तोफमारा चालू असताना मी अशी अनिश्चितता सोसली आहे. पुढचा गोळा कुठे पडेल हे न कळता तासन्‌तास बंकरमध्ये बसून राहावे लागते आणि शेजारच्या मोर्चातला सोबती सुखरूप आहे का, हे पाहायलाही बाहेर पडता येत नाही. ही अवस्था ठरलेल्या वेळी संपणाऱ्या कोणत्याही प्रसंगात उभी राहू शकत नाही.

बोथट शस्त्रे आणि ठरवून घेतलेले वार मात्र हवेतच, कारण कोणाच्याही जिवाशी खेळ करायचा नसतो. निसरड्या जमिनीवर पट्टा फिरवणे धोक्याचे असते, हा संयोजकांचा मुद्दाही खोटा नव्हता. पण त्यावर उपाय होता. पट्टे उतरवून लाठ्या द्यायच्या, दोघांमधले अंतर वाढवायचे आणि प्रसंग पावसातच करायचा. आपण असा उपक्रम करणार असाल, तर पोरांना आधी पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पावसाळ्यात पायी चालवा, आणि पोहोचल्यावर विश्रांती न देता त्यांच्या हाती लाठी द्या.