‘अजून कच्ची आहे, आत्ता कशी दाखवू?’

कुणाचा प्रबंध असतो, कुणाची चित्रं, कुणाच्या कविता. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलांची कामं वेगवेगळी, पण एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: ‘पूर्ण झालं की दाखवेन.’ फिल्म शिकणाऱ्या मुलांकडून तर ते हमखास ऐकू येतं. त्यांतल्याच एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिची शेवटच्या वर्षाची डॉक्युमेंटरी आजोबांवर होती, २२ मिनिटांची. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, तयार होऊन महिना झाला होता. गाइडनी दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा तिने काहीतरी सांगून टाळलं. रात्र रात्र एडिटिंगच्या टाइमलाइनसमोर बसून दोन फ्रेम इकडे, दोन फ्रेम तिकडे करत राहायची. माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. फिल्मचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला.

“साउंड झालेला नाही, कलर झालेला नाही. लोक त्यावरच बोलत बसतील.”

“आणि सगळं झाल्यावर दाखवलीस तर?”

“मग काय, मग बदलताच येणार नाही.”

हे म्हणताना तिचे खांदे सैल पडले. बदलता येणार नाही, यातच तिला सुटका वाटत होती.

“समजा दाखवली आणि आवडली नाही, तर?”

“आवडलीच पाहिजे, मॅडम. आजोबा आहेत त्यात.”

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक. १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली विवेकनिष्ठ पद्धत मांडली. तिचा गाभा असा, की प्रसंगापेक्षा प्रसंगाकडून आपण जी हटवादी मागणी करतो, ती आपल्याला जास्त छळते. मराठीत ही मागणी एका अक्षरात मावते. मी तिचं वाक्य कागदावर लिहिलं, ‘च’भोवती पेन्सिलीने गोल काढला आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

“हा काढला तरी आवडावी असं मला वाटणारच की.”

वाटू दे. इच्छा सोडा असं एलिस यांनी कधी सांगितलं नाही. हट्ट तेवढा सोडायचा.

पण नुसतं पटल्याने माणूस हलत नाही, हे मी इतक्या वर्षांत पुरेपूर पाहिलंय. म्हणून पुढच्या भेटीत तिला लॅपटॉप आणायला सांगितला. “एकच शॉट दाखव. तुझा सगळ्यात लाडका.”

४० सेकंदांचा शॉट. आजोबांचे हात, चिमट्यात कणाएवढा स्क्रू. हात घड्याळाशी येतो, थांबतो, मागे जातो. पुन्हा येतो. शॉट संपला आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मी चांगलं-वाईट काहीच म्हटलं नाही. जे दिसलं ते सांगितलं: “एक म्हातारे गृहस्थ घड्याळ दुरुस्त करतायत. हात थांबतोय. मला वाटलं, आता त्यांना नीट दिसत नसावं.”

“नाही! दिसतं त्यांना. ते आजीचं घड्याळ आहे. ती गेल्यापासून त्यांनी ते उघडलंच नव्हतं, म्हणून हात थांबतोय.”

“हे फिल्ममध्ये कुठे कळतं?”

ती सांगायला गेली आणि थांबली. मनातल्या मनात तिने सगळी टाइमलाइन चाळली असावी. मग अगदी हळू म्हणाली, “कुठेच नाही.”

माझ्या कामात असे क्षण फार थोडे येतात, आणि तेव्हा समुपदेशकाने गप्प बसायचं असतं. मी बसले. महिनाभर ज्याची धास्ती घेतली होती तो ‘फीडबॅक’ तिला मिळून गेला होता. ती मोडून पडली नव्हती, उलट पेन शोधत होती.

मग मी तिला एक प्रयोग सांगितला. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला; समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. आजीचं घड्याळ असंच तिच्या डोक्यात वाजत होतं.

अशा सगळ्याच मुलांना मी सांगते, रफ कटलाच दाखवा. पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे शॉट्सचा क्रम आणि लांबी पक्की झाल्यावर, त्या कटवर साउंड, कलर, सबटायटल्स चढतात. नंतर एक शॉट हलवला तरी तेवढं सगळं पुन्हा जुळवावं लागतं. चार-पाच प्रेक्षक पुरेत, पण त्यांतल्या निदान दोघांना विषयाची काहीच माहिती नसावी. ‘साउंड अजून कच्चा आहे’ एवढं आधी सांगा आणि गप्प बसा. ‘कशी वाटली?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच ऐकू येईल, कारण माणसं भिडस्त असतात. त्याऐवजी विचारा: काय कळलं? कुठे लक्ष उडालं? कोणता प्रश्न मनात राहिला? प्रेक्षकांच्या बाजूला बसा, ते कधी चुळबूळ करतात ते मिनिट-सेकंदासकट लिहा. उत्तर ऐकताना खुलासा करायची उबळ येईल, ती गिळा. फिल्मसोबत तुम्ही प्रत्येक ठिकाणी जाणार नाही. आणि दोन दिवस एडिटला हात लावू नका. तिघं एकाच जागी अडखळले तर तिथे काहीतरी बिघडलंय. ते कसं सुधारायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं तसंच करायला तुम्ही बांधलेले नाही.

तिने चौघांना दाखवली. तिघांनी घड्याळाबद्दल विचारलं. तिने आजोबांच्या मुलाखतीतलं एक वाक्य त्या शॉटच्या आधी आणून ठेवलं. चौथा म्हणाला, शॉट लांबलाय, निम्मा कर. तिने ऐकून घेतलं, वहीत लिहिलं आणि शॉट ४० सेकंदांचाच ठेवला. हे सांगताना आवाजात कुठेही कंप नव्हता, आणि खरं सांगायचं तर फिल्मपेक्षा मला याचंच अप्रूप वाटलं.

आजोबांना दाखवायची अजून बाकी आहे. त्यांच्यासाठी तिने वेगळेच प्रश्न काढलेत: यात काही चुकीचं गेलंय का, एखादी गोष्ट लोकांसमोर नको वाटते का. ते मी सुचवलेले नाहीत.