सगळं मोबाईलवर मिळतं, मग ग्रंथालयात कशाला?

प्रश्न : मॅडम, मी एका खासगी कॉलेजात एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. काँक्रीटमध्ये नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, हा माझा विषय. गाईड म्हणतात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार दिवस बसून ये. सगळं मोबाईलवर मिळत असताना एस.टी.चे धक्के खात जाऊन तिथे नेमकं काय शोधायचं?
— एक विद्यार्थिनी, जि. सातारा

उत्तर : आधी खरं सांग, ‘सगळं’ मिळालेल्यातले किती पेपर पूर्ण वाचलेस आणि किती नुसत्या सारांशावर भागवलेस? रागावू नकोस. बत्तीस वर्षं ग्रंथालयात काढली, त्यामुळे उत्तर मला ठाऊक आहे. पेपर उघडायला गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात आणि गाडी तिथेच अडते.

केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली. संशोधनाच्या नियतकालिकांची वर्गणी तिच्यात सरकारच भरतं. तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं आहेत, पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांनाच. तुझं कॉलेज त्यात नाही, राज्याचं विद्यापीठ बसतं. बाहेरच्या विद्यार्थ्याला तिथल्या संगणकावर बसू देतात का, एवढं फोन करून विचार आणि प्राचार्यांचं पत्र घेऊनच नीघ.

आता कपाटांकडे. ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयाला क्रमांक देऊन पुस्तकं लावलेल्या ग्रंथालयात काँक्रीट एका जागी सापडत नाही. साहित्य म्हणून ते 620.136 ला, आर.सी.सी. रचना 624.1834 ला, बांधकाम साहित्यात 691.3 ला. आणि वाळू? ती भूगर्भशास्त्रवाल्यांकडे, 553.622. मुलं ‘सिव्हिल’ची पाटी बघून एकाच रॅकपुढे तासभर उभी राहतात नि ‘काही नाही इथे’ म्हणत परत येतात. चारही जागा फिर, आणि हवं ते पुस्तक मिळालं की त्याच्या डावी-उजवीकडची दोन-दोन पुस्तकंही उघडून बघ.

आय.एस. 383, म्हणजे काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक, तुझ्या कामाचा कणा. 1970 च्या आवृत्तीच्या नावातच ‘नैसर्गिक स्रोतांपासूनची’ खडी-वाळू होती. 2016 च्या आवृत्तीत ते शब्द गेले, आणि स्लॅग (धातूच्या भट्टीतली मळी), जुन्या काँक्रीटचा चुरा अशा पदार्थांना मर्यादा घालून जागा मिळाली. दोन्ही शेजारी ठेवून वाच, तुझ्या प्रस्तावनेचं एक पान तिथेच तयार होईल. क्रश सँडला 150 मायक्रॉनच्या चाळणीखाली जाणाऱ्या बारीक कणांची मर्यादा 20 टक्क्यांपर्यंत वाढवून दिली आहे, तेही तपासून घे. क्रशरवरची भुकटी कुठे संपते नि वाळू कुठे सुरू होते, यावरच तोंडी परीक्षेत अडवतात.

पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर घरबसल्या मिळतील. एम.टेक.चे मात्र बहुतेक त्या-त्या संस्थेच्या कपाटातच पडून असतात, आणि तुला तेच जास्त उपयोगी. क्यूब (चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे) किती टाकले, कुठला क्रशर, सातव्या दिवशी मोजलेलं त्यांचं बळ कमी आलं तेव्हा पोराने काय केलं, हा सगळा तपशील छापील पेपरात गाळला जातो.

पण जपून. एकदा एक मुलगा एका जुन्या जर्नलचं पान 71 मागत आला. बाउंड व्हॉल्युम काढला, तर त्या पानावर पुलाच्या खांबांवरचा भलताच लेख. त्याने संदर्भ उचलला होता आमच्याच कपाटातल्या प्रबंधातून. म्हणून त्या विषयाचे आधीचे प्रबंध काढून बसलो. ओळीने तिघांनी 71 च लिहिलेलं! खरा लेख निघाला पान 17 वर. पहिल्याने टायपिंगमध्ये आकडे उलटे केले आणि पुढच्या दोघांनी लेख न बघता यादी उतरवली. (तिघेही पास झाले होते, हे वेगळं.) मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगायचे, जो कागद हातात धरला नाही, तो यादीत घालू नकोस.

काउंटरवर गेलीस की ‘क्रश सँडवर काही आहे का’ असं विचारू नकोस, पाच पुस्तकं पुढ्यात ठेवून मोकळे होतील. ‘क्रश सँड वापरली की पाणी जास्त लागतं, त्याचे प्रयोगाचे आकडे हवेत’ असं म्हण. संदर्भ विभागातला माणूस खुर्चीतून उठेल.

शक्यतो सकाळी दार उघडतानाच पोच, दुपारनंतर स्पर्धा परीक्षावाले जागा सोडत नाहीत. पिशवी बाहेर ठेवावी लागेल. वही, पेन्सिल आणि पत्राच्या दोन झेरॉक्स तेवढ्या हातात ठेव.