विणकामाची मासिकं चाळली की नवी लोकर घ्यावीशी वाटते. घरात आधीच दोन ट्रंका भरल्या आहेत. हा मोह कसा आवरावा?

दोन ट्रंका म्हणजे तुमचं प्रकरण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. माझ्याकडे एक ट्रंक, दिवाणाचे दोन खण आणि माळ्यावर एक पिंप आहे. पिंपात दिवाळीच्या पणत्या आहेत असा आमच्या घरात समज आहे, आणि तो मी मोडलेला नाही. तेव्हा मोह जिंकलेल्या बाईचं उत्तर हवं असेल तर दुसरीकडे बघा. तो येतो कुठून आणि त्याला चकवायचं कुठे, एवढं मात्र चाळीस वर्षं सुया चालवल्यावर थोडंफार कळलंय.

माझ्या आईकडे इंग्रजी साप्ताहिकांची काही जुनी पानं होती, कुणाकुणाकडून आलेली. छपाई काळीपांढरी. खाली लिहिलेलं असायचं: चार पदरी लोकर 9 औंस, सुया 12 आणि 10 नंबर. फोटोतला स्वेटर करडा, कारण फोटोतली बाई, खुर्ची, कुत्रा सगळंच करडं. आई ते पान घेऊन बसायची आणि घरात काय आहे ते आठवायची. मग दादाचा आखूड झालेला स्वेटर उसवायचा, ती लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लच्छी करायची, कोमट पाण्यातून काढायची आणि दोरीवर टांगून खाली तांब्या अडकवायची. तांब्याच्या वजनाने लोकरीचा कुरळेपणा जातो. त्याच लोकरीत माझा स्वेटर व्हायचा. त्या पानांनी आईला एकदाही दुकानात पाठवलं नाही.

आजचं मासिक मात्र दुकानातच पाठवतं. गुळगुळीत कागद, धुक्यातलं गवत, कुंपणाला टेकलेली मुलगी आणि तिच्या अंगात मोरपिशी कार्डिगन. खाली लोकरीच्या कंपनीचं नाव, रंगाचा क्रमांक, किती गुंडे लागतील ते. तुम्हाला कार्डिगन आवडलंय असं वाटतं, पण खरं तर तुम्ही त्या मोरपिशी रंगावर भाळलेल्या असता. रोवन ही यॉर्कशरची लोकर कंपनी, 1978 सालची. ती स्वतःचंच मासिक वर्षातून दोनदा काढत आली, आणि त्यातला प्रत्येक नमुना अर्थातच तिच्याच लोकरीत विणलेला. स्वयंपाकाच्या पुस्तकाने आमटीच्या कृतीत तूरडाळीबरोबर दुकानाचं नावही छापावं, तसला प्रकार! माझी भाची इंग्लंडात असते, ती येताना तिकडची मासिकं आणते. त्यातल्या काहींना तर छोटे रंगीत गुंडेच चिकटवलेले असतात, फुकट. मिठाईवाला हातावर बर्फीचा तुकडा ठेवतो ना, तसे. आपल्याकडे 'गृहशोभा'चे बुनाई विशेषांक थंडीच्या तोंडावर निघायचे. पण त्यांची थंडी दिल्लीची. पुण्यात स्वेटर घालायचे दिवस मोजून सहा आठवडे, आणि मुंबईकर बहिणीला विणून दिलेला स्वेटर महाबळेश्वरच्या सहलीपुरता.

आता उपाय. मासिक उघडलं की फोटोवर तळहात ठेवा आणि आधी मापाची ओळ शोधा. तिथे लिहिलेलं असतं, 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आणि 28 ओळी. हेच नमुन्याचं खरं मर्म, लोकरीचं नाव नव्हे. साधारण 22 टाके म्हणजे डबल निटिंग म्हणतात ती मध्यम जाडीची लोकर, 28 टाके म्हणजे चार पदरी बारीक, 18 म्हणजे जाड. ट्रंकेतल्या लोकरीचा तळहाताएवढा तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मग पट्टी लावून टाके मोजा. आकडा जुळला की नमुना तुमचा. ती कुंपणावरची मुलगी काय घालते याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

हे शहाणपण मला महागात पडून आलंय. एका अमेरिकन मासिकातून ह्यांच्यासाठी वेणीचा स्वेटर घेतला होता. छाती 40 इंच. पाठीला 90 टाके, सुया 8 नंबर. घरात 8 नंबरच्या सुया होत्याच. रात्री टीव्हीसमोर बसून पंधरा दिवसांत पाठ उरकली. अंगाला लावून बघितली तर 20 इंचांच्या जागी जेमतेम 17. मी सगळा दोष लोकरीवर ढकलला. "बारीक निघाली मेली," म्हणत दुसऱ्याच दिवशी तुळशीबागेच्या बाजूला गेले आणि आणखी जाड लोकर घेऊन आले, 800 ग्रॅम. ती त्या सुयांवर विणताना पुठ्ठ्यासारखी कडक होत गेली, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश क्रमांक चालतात. नंबर वाढला की सुई बारीक. आपली 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. अमेरिकेचं उलटं आहे, नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. पहिल्या लोकरीचा काडीचाही दोष नव्हता. दोन सुयांचा खर्च होता, मी 800 ग्रॅम लोकर घरात घातली. (पिंप तेव्हाच आलं.) म्हणून सुई नेहमी मिलिमीटरमध्ये बघा, आणि क्रोशाचं मासिक असेल तर ते ब्रिटिश की अमेरिकन तेही बघा. ब्रिटिश ज्याला डबल क्रोशे म्हणतात, तोच टाका अमेरिकन लोक सिंगल क्रोशे म्हणतात.

दुसरी गोष्ट वजनाची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ट्रंकेशेजारी घेऊन बसा आणि एकेका रंगाचं वजन चिठ्ठीवर लिहून त्या गुंड्यातच खोचा. मी एका पावसाळी दुपारी हे केलं. ज्या लोकरीला मी "थोडीशी उरलेली बदामी" म्हणत होते, ती 460 ग्रॅम भरली! एका लहान मुलाचा आख्खा स्वेटर होऊन वर टोपडं निघेल. फक्त ग्रॅमवर फार विसंबू नका, लेबलवरचे मीटर बघा. सुती दोरा ॲक्रिलिकपेक्षा जड, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या 100 ग्रॅममध्ये त्याची लांबी कमी भरते. ॲक्रिलिकच्या हिशेबाने सुती दोऱ्यात विणायला बसलात तर दुसऱ्या बाहीला रडाल.

"राहू दे एक गुंडा जास्त" हा आपला जुना मंत्रही ट्रंका भरतो. त्याला कारण आहे, ते मी नाकारत नाही. लेबलवर रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक असतो, डाय लॉट. त्याच रंगाचा पुढचा घाणा किंचित वेगळा निघतो आणि छातीवर आडवी रेघ दिसते. पण प्रत्येक वेळी एकेक गुंडा जास्त, असं वीस स्वेटर करा आणि बघा काय साठतं ते. कमी पडलीच तर दुसऱ्या लॉटचा गुंडा घेऊन दोन ओळी ह्याच्या, दोन ओळी त्याच्या अशा विणत जायच्या. फरक विरून जातो.

आणि साठवणीचं म्हणाल तर लोकरीचे दोन प्रकार आधी वेगळे करा. आपण सरसकट लोकर म्हणतो, पण लुधियानाहून येणारा बराचसा माल ॲक्रिलिक असतो. त्याला कसर लागत नाही, तो पिंपात वर्षानुवर्षं पडून राहील. अस्सल लोकरीचं तसं नाही. भाचीने आणलेली राखाडी मेरिनो मी "काहीतरी खास करीन" म्हणून तीन वर्षं जपली. काढली तेव्हा बाहेरून गुंडा जसाच्या तसा. टाके घालायला घेतले तर हातभर धागा आला की तुटला, पुन्हा हातभर आला की तुटला. कसरीच्या अळ्यांनी आतून खाल्लेली. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. तुमच्या ट्रंकेत अस्सल लोकर असेल तर मासिकातला पहिला नमुना तिच्यासाठी निवडा, बाकीच्या रांगेत थांबतील.

इंटरनेटवर रॅव्हलरी म्हणून 2007 पासून एक जागा आहे. तिथे जाडी आणि हाताशी असलेले मीटर टाकले की तेवढ्यात बसणारे नमुने दाखवते, फुकटचेही भरपूर. मासिकाच्या हे अगदी उलट, आधी लोकर आणि मग नमुना. पण रात्री अकरानंतर उघडू नका, एक वाजतो.

मासिकं बंद करा असं मी म्हणणार नाही, मीही केलेली नाहीत. भाचीने आणलेल्या अंकात मोहरीच्या रंगाचं एक कार्डिगन आहे, 22 टाक्यांचं, लोकर 400 ग्रॅम. रंगाचं नाव पाठ होईपर्यंत ते पान बघितलं. मग स्टूल लावून पिंप उतरवलं. खाली मोहरी सापडली, 310 ग्रॅम. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, बाह्या कोपराच्या थोड्या खाली थांबवल्या. पिंप अजून हॉलमध्येच आहे आणि ह्यांनी काल विचारलं, पणत्या कुठायत.